पडद्यालगतचं थांबलेलं पाणी

मांडव्याहून रेवसकडे आणि तिथून धरमतर खाडीच्या काठाने आत गेलं की मातीच्या बांधाच्या दोन्ही अंगांना हिरवळ दिसते. खाडीच्या अंगाला तिवरं, आतल्या अंगाला भातशेती. शहापूर, धेरंड, माणकुळे या गावांची शेती अशाच बांधांच्या भरवशावर उभी आहे. एखाद्या मोठ्या उधाणात बांधाला खांड पडते आणि रात्रीतून खारं पाणी शेतात शिरतं. पुढच्या काही दिवसांत भाताची पाती टोकाकडून पिवळी पडतात, सुरळीसारखी मिटतात आणि वाळतात. पायाशी पाणी उभं असताना पीक उन्हाळ्यात करपावं तसं करपतं. बांधाच्या पलीकडे तिवरं मात्र तेच पाणी रोज दोनदा अंगावर घेतात आणि बारा महिने हिरवी राहतात.

यावर आपण सगळे एक उत्तर पटकन देतो: मीठ पाणी ओढून घेतं. उत्तर बरोबर आहे, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं मुळाच्या अगदी लगत, केसाच्या जाडीएवढ्या पाण्यात दडलेलं आहे. तिथे काय चालतं ते कळलं की तिवराचं रहस्य उलगडतं. खारजमीन धुवायला सबंध पावसाळा का लागतो, स्वयंपाकघरातलं आरओ यंत्र मोरीत पाणी का सोडतं आणि समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्याला काय जपावं लागतं, हेही त्याच ठिकाणी कळतं.

ओढ येते कुठून?

मुळाच्या प्रत्येक पेशीभोवती अतिशय पातळ पटल असतं. हा पडदा पाण्याला वाट देतो आणि मिठाला जवळजवळ अडवतो. पडद्याच्या एका बाजूला गोडं पाणी आणि दुसऱ्या बाजूला खारं असलं, तर पाण्याचे रेणू दोन्हीकडून पडद्यावर आदळतात आणि दोन्हीकडून पलीकडे जातात. खाऱ्या बाजूला विरघळलेल्या कणांमुळे पाण्याची तिथून निसटण्याची प्रवृत्ती थोडी कमी झालेली असते. त्यामुळे गोड्या बाजूने जास्त रेणू येतात, खाऱ्या बाजूने कमी परततात. जमाखर्च मांडला की पाणी गोड्याकडून खाऱ्याकडे सरकलेलं दिसतं. यालाच परासरण म्हणतात. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की सकाळी भांड्यात खार सुटलेला असतो, तो याच जमाखर्चामुळे.

झां-आंत्वान नोले या फ्रेंच धर्मगुरूने १७४८ मध्ये हे पहिल्यांदा टिपलं. त्याने मद्यार्काने भरलेल्या भांड्याच्या तोंडाला डुकराचं मूत्राशय ताणून बांधलं आणि भांडं पाण्यात ठेवलं. पाणी आत शिरत राहिलं आणि पडदा फुगून तट्ट झाला. ही ओढ मोजायला पुढे सव्वाशे वर्षं गेली. विल्हेल्म फेफर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने सच्छिद्र मातीच्या भांड्यात रासायनिक पडदा बसवून तिचा दाब मोजला आणि १८७७ मध्ये ती मोजमापं प्रसिद्ध केली. त्या आकड्यांवरून डच रसायनशास्त्रज्ञ वांट हॉफ याने दाखवून दिलं की हा दाब विरघळलेल्या कणांच्या संख्येवर अवलंबून असतो. ते कण मिठाचे आहेत की साखरेचे, याला फारसं महत्त्व नाही. १९०१ मध्ये रसायनशास्त्राचं पहिलंच नोबेल पारितोषिक त्याला मिळालं.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. वांट हॉफच्या नियमाने त्यांचा परासरण दाब २७ वातावरणांच्या आसपास येतो. पावणेतीनशे मीटर उंच पाण्याचा स्तंभ तळाशी जेवढा दाबेल तेवढा हा दाब. भाताच्या पेशीरसाचा दाब याच्या जवळपासही पोचत नाही. म्हणून खारं पाणी मुळाशी आलं की पाणी आत येण्याऐवजी बाहेर जाऊ लागतं. त्यात सोडियम हळूहळू आत झिरपून पानांत साठतं आणि विषासारखं काम करतं. लिटरला दोन ग्रॅमच्या पुढे क्षार गेले की भाताचं उत्पन्न घटू लागतं. समुद्राचं पाणी त्याच्या सतरा-अठरा पट खारं असतं.

इथवरचं बरंचसं शाळेच्या पुस्तकात असतं. तिथे पडद्याच्या दोन बाजूंना दोन द्रावणं सरळ रेघेने वेगळी काढलेली असतात. एकीकडे सगळीकडे सारखंच खारं, दुसरीकडे सगळीकडे सारखंच गोडं. खरं पाणी असं राहत नाही. पडद्यातून देवघेव सुरू झाली की क्षणार्धात लगतचं पाणी बदलतं, आणि पडद्याला कळतं ते फक्त हे लगतचं पाणी.

वाहणं आणि पसरणं

पाण्यातलं मीठ एका जागेहून दुसऱ्या जागी दोन प्रकारे जातं. पाणी सबंधच हलत असेल तर त्यातलं मीठ त्याच्याबरोबर वाहून जातं. चमच्याने ढवळलं, भरती आली, किंवा जड पाणी खाली बसून हलकं वर आलं, की हे होतं. याला अभिसरण म्हणूया. दुसऱ्या प्रकारात पाणी स्तब्ध असतं, तरी मिठाचा प्रत्येक कण आजूबाजूच्या रेणूंचे धक्के खात भरकटत असतो. कुणाला दिशा नसते. पण दाटी असते तिथून जास्त कण निघतात आणि विरळ असतं तिथून कमी, म्हणून एकंदरीत मीठ दाटीकडून विरळाकडे पसरतं. हे विसरण.

या दोहोंमधला फरक मांडव्याच्या जेट्टीवर रोज दिसतो. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली रो-रो बोट तासाभरात शेकडो माणसं आणि गाड्या मांडव्याला आणून सोडते. ते झालं वाहणं. बोट लागली की पुढचं अंतर मात्र प्रत्येकाला आपल्या पायांनी, गर्दीत धक्के खात कापावं लागतं. बोट कितीही वेगाने आली तरी दरवाजातून मिनिटाला किती माणसं बाहेर पडतील हे त्या शेवटच्या पन्नास पावलांवर ठरतं. दरवाजा रुंद केला आणि गर्दी तशीच राहिली, तर फारसा फरक पडत नाही.

पडद्यापाशी असंच होतं. कोणताही प्रवाह घट्ट पृष्ठभागाजवळ मंदावतो आणि पृष्ठभागाला टेकलेलं पाणी तर जागचं हलतच नाही. पेल्यात चमचा कितीही फिरवा, कडेलगत मिलिमीटरच्या काही शतांशांपासून काही दशांशांपर्यंत जाडीचा एक आळसावलेला थर उरतोच. वाल्टर नेर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये विरघळणाऱ्या पदार्थांच्या संदर्भात हा थर हिशेबात घेतला. शरीरक्रियाशास्त्रात त्याला न ढवळलेला थर म्हणतात. मीठ पडद्यापर्यंत पोचायचं किंवा पडद्यापासून दूर जायचं, तर हा थर विसरणानेच ओलांडावा लागतो. आणि विसरणाचा स्वभाव असा आहे की जवळच्या अंतरासाठी ते चपळ असतं, लांबच्या अंतरासाठी अतिशय मंद.

चौकट : स्तब्ध पाण्यात मिठाला किती वेळ लागतो?

साध्या तापमानाला, पाणी अजिबात हलत नसताना, केवळ विसरणाने:

०.१ मिलिमीटर : सुमारे ३ सेकंद
१ मिलिमीटर : साडेपाच मिनिटं
१ सेंटिमीटर : नऊ तास
१० सेंटिमीटर : सव्वा महिना
१ मीटर : दहा वर्षांहून जास्त

अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट होतो. पेशी सूक्ष्म असते म्हणून तिचं काम विसरणावर भागतं. त्याहून मोठ्या अंतरांसाठी पाणी हलावंच लागतं.

मीठ साचतं कसं?

मिठाला अडवणाऱ्या पडद्यातून पाणी जोर लावून काढायचं ठरवलं तर काय होईल? पाणी पडद्याकडे वाहत येतं आणि आपल्याबरोबर मीठ आणतं. पाणी पलीकडे जातं, मीठ दारातच राहतं. पडद्यालगत मिठाची दाटी वाढते. दाटी वाढली की विसरण तिला मागे, मोकळ्या पाण्याकडे ढकलू लागतं. मग एक वेळ अशी येते की प्रवाह जेवढं मीठ आणतो तेवढंच विसरण परत नेतं, आणि दाटी तिथेच स्थिरावते. ही स्थिरावलेली दाटी किती, हे तीन गोष्टींवर ठरतं: पाणी किती वेगाने ओढलं जातंय, आळसावलेला थर किती जाड आहे आणि मीठ किती चपळाईने पसरतं.

आकडे घेऊन पाहू. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या पडद्याच्या एका चौरस मीटरमधून तासाला २० लिटर पाणी काढलं, म्हणजे पाणी पडद्याकडे तासाला फक्त दोन सेंटिमीटर या वेगाने सरकतं. गोगलगायही याहून कितीतरी वेगाने चालते. लगतचा थर ०.०५ मिलिमीटर जाड असला तर पडद्यापाशी मिठाचं प्रमाण मूळ पाण्याच्या सुमारे १.२ पट होतं. ते चालून जातं. तोच थर ०.२ मिलिमीटर झाला तर प्रमाण दुपटीच्या पुढे जातं. समुद्र तोच, पडदा तोच, तरीही पडद्याला भेटणारं पाणी समुद्राच्या दुप्पट खारं. परासरणाची उलटी ओढही मग २७ वरून ५० वातावरणांच्या पुढे जाते आणि पंपाची सगळी ताकद तिच्याशी झुंजण्यात खर्च होते. थराची जाडी चौपट झाली म्हणून वाढावा चौपट होत नाही, त्याहून वेगाने वाढतो. या साऱ्या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

हे कळायला चांगला पडदा हाती यावा लागला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी सेल्युलोज अॅसिटेटचा एक नवा पडदा तयार केला. त्याची मिठाला अडवणारी कातडी अतिशय पातळ होती आणि खाली आधाराला सच्छिद्र थर होता. आधीच्या पडद्यांतून पाणी थेंबाथेंबाने येई. या पडद्यातून ते कामाला येईल इतकं येऊ लागलं. दाब देऊन पाणी उलट दिशेने ढकलण्याची ही रीत म्हणजे व्युत्क्रमी परासरण. या रीतीच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून आपण यंत्राला आरओ म्हणतो. पाणी भराभर येऊ लागलं तसं मीठही भराभर साचू लागलं. १९६५ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये शेरवुड, ब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या साचण्याचं गणित बसवलं. पडदा सुधारल्यावर अडचण पडद्यातून निघून पडद्यासमोरच्या पाण्यात आली होती.

उपाय एकच: तो थर पातळ ठेवायचा. आरओच्या नळकांड्यात पडद्याचे ताव गुंडाळलेले असतात आणि दोन तावांच्या मध्ये मिलिमीटरहून पातळ अशी प्लास्टिकची जाळी असते. जाळी तावांना वेगळं ठेवते, शिवाय पाण्याला सतत वळसे घ्यायला लावते. प्रत्येक दोऱ्यावर आपटून पाणी घुसळतं आणि पडद्यालगतचा थर खरवडला जातो. मोरीत जाणाऱ्या नळीतून येणारं पाणी हेच घुसळून आलेलं, मीठ वाहून नेणारं पाणी असतं. ती नळी बंद केली तर काही वेळातच मीठ आणि कॅल्शियमचे क्षार पडद्यावर बसू लागतील. ते पाणी बादलीत धरून लादी पुसायला वापरावं, पण नळीची तोटी आवळू नये.

वर जड की खाली जड?

पाणी हलवायला पंप किंवा चमचाच लागतो असं नाही. खारं पाणी गोड्यापेक्षा जड असतं, आणि एवढ्या फरकावरही पाणी आपोआप हलू लागतं.

एका पेटीत पडदा आडवा ठेवला, वर खारं आणि खाली गोडं पाणी भरलं अशी कल्पना करा. हा पडदा थोडं मीठही जाऊ देतो असं धरू. वरच्या खाऱ्या पाण्यातून मीठ खाली जातं, म्हणून पडद्याच्या वर टेकलेला थर हलका होतो. त्याच्या डोक्यावर जड पाणी असतं. हलकं खाली आणि जड वर ही मांडणी टिकत नाही. हलकं पाणी वर उसळतं आणि ताजं खारं पाणी पडद्याशी येतं. पडद्याच्या खालीही तसंच: तिथे जमा झालेलं मीठ लगतच्या पाण्याला जड करतं आणि ते पाणी बोटांसारख्या धारांनी खाली सुटतं. दोन्ही थर सतत मोडत राहतात आणि देवघेव जोरात चालते.

आता तीच पेटी उलटी करा. खारं खाली, गोडं वर. पडद्याच्या खालचा थर मीठ गमावून हलका होतो, पण तो आधीच जड पाण्याच्या वर आहे, म्हणून तिथेच तरंगत राहतो. वरचा थर मीठ मिळवून जड होतो आणि पडद्यावर बसून राहतो. दोन्ही थर तासातासाला जाड होत जातात आणि देवघेव मंदावते. पडदा तोच आणि द्रावणंही तीच असताना केवळ वर-खाली बदलल्याने पडद्यातून जाणारं प्रमाण बदलतं. पोलंडमधल्या किल्त्से इथल्या भौतिकशास्त्रज्ञांनी लेझरच्या प्रकाशपट्ट्यांनी पडद्यालगतचे असे थर वाढताना टिपले आहेत.

घरच्या घरी हे पाहायचं तर काचेच्या पेल्यात साखरेचा दाट, गाळून नितळ केलेला पाक घ्यावा. थंड झाला की त्यात सोललेल्या कैरीची फोड काडीला टोचून मधोमध बुडवून धरावी, आणि पेला खिडकीच्या उजेडासमोर ठेवावा. फोडीतून सुटलेलं पाणी पाकापेक्षा हलकं असतं. ते फोडीच्या अंगाने वर चढतं आणि उजेडात त्याच्या थरथरत्या रेघा दिसतात. साध्या पाण्यात खडीसाखरेचा खडा लटकवला तर तशाच रेघा खाली उतरतात. हे अभिसरण आहे. रेघा सुरू होण्याआधी जे काही फोडीला चिकटून चालतं ते विसरण, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

तिवराची मुळं आणि खेकड्यांची बिळं

तिवराचं मूळ म्हणजे झाडाने उभारलेलं आरओच. खाडीच्या पाण्यातला ९० टक्क्यांहून जास्त क्षार ते मुळाशीच अडवतं. त्यासाठी लागणारा जोर पंपाने येत नाही, पानांतून होणाऱ्या बाष्पीभवनाने येतो. पानांतून पाणी उडतं, खोडातल्या बारीक नळ्यांतला पाण्याचा धागा ताणला जातो आणि तो ताण मुळापर्यंत पोचतो. पेर शोलांडर आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये फांदी दाबपात्रात घालून हा ताण मोजला. खारफुटीत तो ३५ ते ६० वातावरणांच्या दरम्यान भरला, म्हणजे समुद्राच्या २७ वर सहज मात करणारा. एवढं करून जे थोडं मीठ आत येतंच ते तिवर पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. सकाळी तिवराचं पान चाटून पाहिलं तर खारट लागतं. कांदळ या खारफुटीतल्या दुसऱ्या झाडाच्या पानांना अशा ग्रंथी नसतात. त्याची मुळं आणखी कडक गाळतात.

पण मुळाने अडवलेलं मीठ जातं कुठे? ते मुळाभोवतीच्या चिखलात उरतं. आणि चिखलात प्रवाह नाही, घुसळण नाही. मुळाभोवती जड झालेलं खारं पाणी खाली बसू पाहतं, पण मातीचे कण इतके बारीक आणि दाट की त्याला वाट मिळत नाही. उरतं फक्त विसरण, तेही चिखलातल्या नागमोडी वाटांमुळे मोकळ्या पाण्यापेक्षा मंद. वर दिलेल्या चौकटीतला १० सेंटिमीटरचा सव्वा महिना इथे आणखी लांबतो. पासिऊरा, बॉल आणि नाईट यांनी १९९२ मध्ये हा हिशेब मांडून दाखवला की खारफुटी आपल्याच पाणी पिण्याने माती खारवत जाते आणि त्यामुळे तिला पाणी पिण्याची गती आवरती घ्यावी लागते. तिवराची सावकाश वाढ आणि पाण्याच्या बाबतीतली काटकसर यामागे हे एक मोठं कारण आहे.

या कोंडीतून वाट काढून देतात खेकडे. खारफुटीच्या चिखलात त्यांची असंख्य बिळं असतात, आणि ती हात-दोन हात खोलही जातात. भरतीचं पाणी या बिळांत शिरतं, भिंतीतून झिरपलेलं मीठ घेतं आणि ओहोटीला बाहेर पडतं. मिठाला आता खाडीपर्यंत जायची गरज उरत नाही, शेजारच्या बिळापर्यंत पोचलं तरी पुरतं. अंतर दहापटीने कमी, म्हणून वेळ शंभरपटीने कमी. खेकडा हे तिवरासाठी करत नाही, पण त्याच्या घर खणण्यावर तिवराचं पाणी अवलंबून आहे.

ज्या उंच कडेला फक्त उधाणाचं पाणी पोचतं आणि भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत पोचत नाही, तिथली तिवरं खुरटी का राहतात हेही यावरून समजतं. तिथे मीठ धुणारी फेरी कमी वेळा येते. आणि इथे मला एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात राज्यातल्या खारफुटीच्या तोडीवर बंदी कायम केली. पण तिवर मारायला कोयता लागत नाही. एखाद्या रस्त्याच्या भरावाने आतली वाहळ बुजवली, भरती-ओहोटीची ये-जा थांबली, की पुढचं काम पडद्यालगतचं थांबलेलं पाणी करतं. झाडं उभ्या उभ्या सुकतात आणि कुणी तोडली असं दाखवताही येत नाही. खारफुटी राखायची तर पाण्याची वाट राखली पाहिजे, आणि ही गोष्ट भराव टाकण्याआधी तपासली गेली पाहिजे.

बांधाच्या आतली धुलाई

बांधाच्या आत शेतकऱ्यापुढे हाच प्रश्न उलट बाजूने येतो: मातीतलं मीठ काढायचं कसं? उन्हाळ्यात खालचं खारं पाणी मातीच्या बारीक वाटांनी वर चढतं, पृष्ठभागावर पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. जमीन पांढुरकी होते, लोक म्हणतात खार फुटला. मीठ वर आणणारा प्रवाह मंद असतो, पण त्याला खाली परत नेणारं विसरण त्याहूनही मंद, म्हणून थर चढत जातो.

पावसाळ्यात या किनाऱ्यावर दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. गोडं पाणी खाऱ्या चिखलावर उभं राहतं. जड खाली, हलकं वर: पेटीची जी मांडणी सर्वांत मंद, नेमकी तीच. मीठ आपोआप वर उसळून येत नाही. ते मातीतून उभ्या पाण्यात सावकाश पसरत येतं, आणि वरचं पाणी खारट झालं की तेही मंदावतं. म्हणून एकदा पाणी भरून ठेवल्याने भागत नाही. पाणी साठवायचं, मीठ उतरू द्यायचं, ओहोटीला बांधातल्या दारातून, म्हणजे उघाडीतून, सोडायचं आणि पुन्हा नवं पावसाचं पाणी धरायचं. दर वेळी वर ताजं पाणी आलं की खालच्या मिठाला पुन्हा वाव मिळतो. जे पाणी मातीत मुरून खाली जातं ते मीठही खाली दाबतं, आणि ते काम विसरणापेक्षा लवकर होतं. खारपट्ट्यातला शेतकरी विसरणाचं गणित न मांडता पिढ्यान् पिढ्या हेच करत आला आहे.

भाताची निवडही त्याला धरून झाली. काळा राता आणि भुरा राता हे लाल तांदळाचे जुने वाण खार सोसणारे म्हणून ओळखले जातात. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पुढे पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ हे वाण दिले. भाताचं कोवळं रोप आणि फुलोरा या दोन अवस्था खाराला सर्वांत नाजूक. म्हणून पहिला पाऊस लागताच घाईने लावणी करण्यापेक्षा एक-दोन धुलाया होऊ देणं शहाणपणाचं ठरतं. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उधाणात बांध फुटला तर नुकसान जास्त होतं, कारण भात तेव्हा फुलोऱ्यात असतो आणि धुवायला पाऊस उरलेला नसतो. १९४८ च्या मुंबई खारजमीन कायद्यापासून, पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास कायद्यापर्यंत, बांध आणि उघाड्या राखणं हे सरकारी काम मानलं गेलं आहे. उघाडीचं दार ओहोटीला उघडलं नाही किंवा भरतीला नीट बसलं नाही, तर सबंध पावसाळ्याची धुलाई वाया जाते.

वाहत्या कल्ल्यांची युक्ती

याच शेतांच्या कडेला तळी खणून लोक जिताडा पाळतात. हा मासा समुद्रात राहतो, खाडीत राहतो आणि गोड्या तळ्यातही वाढतो. त्याचं रक्त समुद्राच्या सुमारे एक तृतीयांश खारं असतं. समुद्रात त्याच्या कल्ल्यांतून पाणी सतत बाहेर जाऊ पाहतं, म्हणून तो समुद्राचं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींतून बाहेर टाकतो. गोड्या तळ्यात पाणी आत घुसू पाहतं, तेव्हा तो भरपूर पातळ मूत्र करतो आणि कल्ल्यांनी मीठ आत ओढतो. माशाचं तोंड सतत उघडमीट करत असतं आणि कल्ल्यांच्या पात्यांवरून पाणी सारखं वाहतं राहतं. पाण्याच्या उलट दिशेने पात्यांतून रक्त वाहतं. त्यामुळे थर साचत नाही आणि प्राणवायूची देवघेव पात्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालू राहते.

मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाचं रक्त शुद्ध करणारं डायलिसिस यंत्रही असंच चालतं. पडद्याच्या एका बाजूने रक्त आणि दुसऱ्या बाजूने द्रावण, दोन्ही उलट दिशांना वाहती. १९४३ मध्ये नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ याने पहिलं उपयोगी यंत्र उभं केलं, तेव्हा त्याने सॉसेजच्या आवरणाला वापरतात तशी सेलोफेनची नळी एका पिंपाभोवती गुंडाळली आणि पिंप द्रावणाच्या टबात फिरत ठेवलं. पिंप फिरतं ठेवल्यामुळे पडद्यालगतचं द्रावण सतत बदलत राहिलं.

मनोरीचं उरलेलं खारं पाणी

मुंबई महानगरपालिकेने मनोरी इथे समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प आखला आहे. रोज २० कोटी लिटर पाणी मिळेल असा त्याचा पहिला टप्पा आहे. अशा कारखान्यांत समुद्राच्या पाण्यापैकी साधारण ४० ते ४५ टक्के गोडं होऊन बाहेर येतं. उरलेल्या पाण्यात सगळं मीठ राहतं, म्हणजे ते समुद्राच्या पावणेदोन पटींच्या आसपास खारं असतं. हे पाणी परत समुद्रातच सोडावं लागतं, आणि इथे जड-हलक्याचा प्रश्न पुन्हा येतो. जड पाणी नळाच्या तोंडातून संथपणे सोडलं तर ते घसरत तळाशी जातं आणि थर करून बसतं. खाली जड, वर हलकं, म्हणून वरच्या पाण्याशी मिसळत नाही. तळाच्या चिखलात राहणारे शिंपले, किडे आणि तळाशी घातलेली माशांची अंडी यांना तो जाच होतो, शिवाय त्या थरात वरचा प्राणवायू पोचत नाही.

म्हणून सोडनळाच्या टोकाला अरुंद तोट्या बसवतात आणि पाणी तिरकं वर फेकतात. वर जाताना आणि परत खाली येताना ते आजूबाजूचं कितीतरी पाणी ओढून घेतं आणि तळाला टेकेपर्यंत त्याचा खारेपणा समुद्राच्या जवळ आलेला असतो. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, आणि एवढी मोठी ये-जा या मिसळण्याला मदत करते. खुल्या समुद्रात, जिथे ओहोटीचा ओघ जोरात असतो, तिथे तोटी बसवली तर हिशेब जुळतो. खाडीच्या आतल्या वळणावर, भांगाच्या संथ दिवसांत, तोच हिशेब जुळणार नाही; तिथे उरलेलं खारं पाणी सोडायचं झालं तर आधी त्या खाडीतलं पाणी किती दिवसांत बदलतं ते मोजावं लागेल.